ओटीपोटात दुखतं, सोनोग्राफी नॉर्मल: पिवळं किट इथेच सुरू करायचं की नागपूरला पाठवायचं?

उपकेंद्र_सीएचओ (नागपूर ग्रामीण)

नमस्कार. उपकेंद्रावर येणाऱ्या बायांमध्ये एक चित्र सारखं दिसून राहिलं आहे, त्यावर जाणकारांचं मत हवं.

वय पंचविशी-तिशीचं, एक-दोन लेकरं. ओटीपोटात दोन्ही बाजूंनी दुखतं, कंबर धरते, अंगावरून पिवळसर जातं, संबंधाच्या वेळी आत दुखतं. ताप बहुधा नसतो. सोबत फाइल असते. तीत सोनोग्राफी 'नॉर्मल' नाहीतर 'मिनिमल फ्री फ्लुइड' (ओटीपोटात थोडं मोकळं पाणी), लघवीत पस सेल्स (पुवाच्या पांढऱ्या पेशी) ८-१०, आणि लघवीच्या इन्फेक्शनचे एकामागून एक झालेले कोर्स. कुठे 'पिशवीला सूज आहे' एवढंच सांगितलेलं, कुठे 'पिशवीच्या तोंडाला जखम आहे, शेकून (म्हणजे जाळून) घ्या', आणि दोन लेकरं झालेली असली की 'पिशवी काढूनच टाका न'.

सिंड्रोमिक पद्धतीनुसार (रिपोर्टची वाट न बघता लक्षणांवरून औषध देणं) ओटीपोटाच्या दुखण्याला किट ६, म्हणजे पिवळं किट, देतात हे माहीत आहे. अडचणी त्यापुढच्या आहेत. सोनोग्राफी नॉर्मल असताना पीआयडी (गर्भाशय, नळ्या, अंडाशय यांचा संसर्ग) म्हणायचं कशाच्या जोरावर? खासगीत सेफ्ट्रायॅक्सोनचं इंजेक्शन देतात, किटमध्ये सेफिक्झिमची गोळी आहे, तर ती पुरते का? मळमळ होते म्हणून निम्म्या बाया आठवडाभरात गोळ्या सोडतात, त्यांचं काय करायचं? कॉपर टी असेल तर लगेच काढायची का? आणि नवरा औषध घ्यायला तयारच होत नाही, हे तर रोजचंच.

नागपूरच्या मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेज) किंवा डागा रुग्णालयाला कोणाला त्याच दिवशी पाठवायचं नि कोणाला इथेच बघायचं, याची रेघ कुठे ओढायची ते कोणी नीट सांगाल का?

---

स्त्रीरोग_ओपीडी

ताई, आधी सोनोग्राफीचं बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

पीआयडीचं निदान हाताने होतं. सोनोग्राफीत नळी जाड झालेली, पाण्याने फुगलेली किंवा गळू झालेलं दिसलं तर निदान पक्कं होतं. पण सौम्य आणि मध्यम आजारात नळीच्या आतलं अस्तर सुजलेलं असतं, बाहेरून आकार तसाच राहतो, मशीनला काही दिसत नाही. नॉर्मल रिपोर्टवरून पीआयडी नाही असं म्हणता येत नाही. उलट 'मिनिमल फ्री फ्लुइड' पाळीच्या मध्यावर निरोगी बाईतही दिसतं, त्यावरून पीआयडी आहे असंही म्हणता येत नाही.

तपासणी अशी. आधी यूपीटी, म्हणजे लघवीतली गर्भचाचणी. नसबंदी झालेली असो, कॉपर टी असो, यूपीटी चुकवायची नाही, कारण अशा बाईला गर्भ राहिलाच तर तो नळीत असण्याची शक्यता जास्त. मग लघवी करून यायला सांगा, भरलेल्या मूत्राशयावर दाबलं तरी दुखतं नि दिशाभूल होते. आधी पोटावरून हात. नंतर स्पेक्युलम (योनी उघडून आत बघायचं साधन): गर्भाशयाच्या तोंडातून पिवळा, चिकट स्राव येतोय का, कापसाची काडी आत फिरवून बाहेर काढल्यावर पिवळी होते का, काडी लावताच रक्त येतं का. त्यानंतर दोन बोटं आत घालून गर्भाशयाचं तोंड डावीकडे-उजवीकडे हळू हलवायचं, दुसरा हात ओटीपोटावर. हलवताना बाई दचकली, हात धरायला आली, चेहरा आक्रसला, तर ती खूण. मग गर्भाशय दोन हातांत धरून दुखतं का, आणि दोन्ही बाजूंना नळी-अंडाशयाच्या जागी दुखतं का.

तरुण, लैंगिक संबंध असणारी बाई, ओटीपोटात दुखतंय, दुसरं ठोस कारण सापडत नाही, आणि या तिन्हींपैकी एक जरी जागा दुखली तरी उपचार सुरू करायचे. बाकी गोष्टी निदानाला बळ देतात: १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, तोंडातून पू, स्रावाच्या ओल्या स्लाइडवर भरपूर पांढऱ्या पेशी, रक्तात ईएसआर किंवा सीआरपी (सूज दाखवणाऱ्या तपासण्या) वाढलेला. स्रावात पांढऱ्या पेशी मुळीच नाहीत आणि तोंडही स्वच्छ दिसतंय, तर मात्र पीआयडीची शक्यता कमी. तेव्हा दुसरं कारण शोधायला लागा.

इतक्या कमी पुराव्यावर चौदा दिवसांची औषधं का, असं कोणी विचारेल. नळीच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, बीज पुढे ढकलणाऱ्या. जंतू मरतात, पण या पेशी गेल्या की परत उगवतीलच असं नाही, आणि आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात. स्वीडनमधल्या लुंड शहरातल्या मोठ्या अभ्यासात एकदा पीआयडी झालेल्यांपैकी सुमारे ८ टक्के, दोनदा झालेल्यांपैकी २० आणि तीनदा झालेल्यांपैकी ४० टक्के स्त्रियांना नळीच्या दोषामुळे मूल राहिलं नाही. रिपोर्टची वाट बघण्यात आठवडा गेला तर हे नुकसान वाढू शकतं. उपचार विनाकारण झाले तर बहुधा मळमळीपलीकडे फारसं काही होत नाही.

पस सेल्सबद्दलही सांगते. पांढरं जात असलेल्या बाईने घाईत भरलेली लघवी म्हणजे अर्धी लघवी नि अर्धा स्राव. त्यात ८-१० पस सेल्स दिसणारच. आधी धुऊन, मधल्या धारेची लघवी घ्या. जळजळ नाही, सारखी लागत नाही, कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायची तपासणी) काही नाही, तरी लघवीचा कोर्स पुन्हा पुन्हा चाललाय, तर तिची आतून तपासणी झालेलीच नाही असं समजा. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या होत्या, १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. आज सोनोग्राफी तालुक्याला मिळते, पण टेबलावर झोपवून हात लावून बघणं अजूनही राहूनच जातं.

आता रेघ. त्याच दिवशी पाठवायचं ते यांना:

यूपीटी पॉझिटिव्ह. पोट कडक, दाबून सोडल्यावर जास्त दुखतं. दुखणं एकाच बाजूला आणि अचानक सुरू झालेलं, सोबत उलट्या (अंडाशयाला पीळ, उजवीकडे असेल तर अपेंडिक्स). चक्कर, नाडी जलद, बीपी पडलेलं. ताप १०१ च्या वर आणि बाई मलूल. पोटात गोळा हाताला लागतोय. गोळ्या पोटात टिकतच नाहीत. प्रसूती किंवा गर्भपात नुकताच झालाय आणि घाण वास येतोय. यातल्या शेवटच्या गटात औषधाच्या दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या आणून घेतलेल्या बाया असतात आणि त्या हे आपणहून सांगत नाहीत. आत तुकडा राहिलेला असेल तर नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, पिशवी साफ करावी लागते.

उरलेल्यांना तुमच्या पीएचसीच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तिथेच औषध. सौम्य-मध्यम आजारात भरती करून शिरेतून दिलेलं औषध आणि घरी दिलेलं औषध यांत पुढच्या गर्भधारणेच्या दृष्टीने फरक पडत नाही, हे २००२ सालच्या मोठ्या अमेरिकन चाचणीत दिसलंय. अट एकच: ७२ तासांत पुन्हा बघायचं. तिसऱ्या दिवशी दुखणं स्पष्ट कमी व्हायलाच हवं. नसेल तर गोळ्या बदलून बघत बसू नका, नागपूरला पाठवा. नळी-अंडाशयात गळू असेल तर ते गोळ्यांना दाद देत नाही, मोठं असेल तर सुईने काढावं लागतं, आणि फुटलं तर जिवावर बेततं.

आणखी एक. उजव्या बरगडीखाली दुखतं, श्वास घेताना वाढतं, आणि ओटीपोटही दुखतंय, अशी बाई पित्ताच्या खड्यांसाठी किंवा ॲसिडिटीसाठी फिरत राहते. क्लॅमिडिया आणि गोनोरिया या संबंधातून पसरणाऱ्या जंतूंचा संसर्ग वर यकृताच्या आवरणापर्यंत पोचू शकतो. लिव्हरच्या तपासण्या नॉर्मल येतात. आतून एकदा तपासलं की उलगडतं.

---

औषधांचा_काउंटर

मॅडमनी निदान सांगितलं, मी गोळ्यांचं सांगतो. या आजारात उपचार फसतो तो बहुतेक गोळ्यांच्या वेळापत्रकात.

पिवळ्या किटमध्ये सेफिक्झिम ४०० मिग्रॅ एकदाच, डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा १४ दिवस, मेट्रोनिडाझोल ४०० मिग्रॅ दिवसातून दोनदा १४ दिवस. म्हणजे डॉक्सी २८, मेट्रो २८. अमेरिकेच्या सीडीसीच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत सेफिक्झिमच्या जागी सेफ्ट्रायॅक्सोन ५०० मिग्रॅ स्नायूत एकदा, बाकी दोन तीच, फक्त मेट्रो ५०० मिग्रॅची. ब्रिटनमध्ये सेफ्ट्रायॅक्सोन १ ग्रॅम. गोळीपेक्षा इंजेक्शनने रक्तातलं प्रमाण जास्त चढतं आणि जास्त वेळ टिकतं, गोनोरियाचा जंतू सेफिक्झिमला हळूहळू दाद देईनासा झाल्याने जगभर इंजेक्शनकडे कल आहे. पीएचसीला सोय असेल आणि डॉक्टरांनी लिहिलं तर इंजेक्शन चांगलं. सोय नसेल तर इंजेक्शनसाठी दोन दिवस थांबण्यापेक्षा किट आजच सुरू झालेलं बरं.

इंजेक्शन स्नायूत देताना ५०० मिग्रॅची कुपी १ टक्का लिग्नोकेनच्या (बधिर करणारं औषध) साधारण २ मिलीत विरघळवतात, नाहीतर कुल्ला दोन दिवस ठणकतो. लिग्नोकेनमध्ये विरघळवलेलं औषध शिरेत कधीही द्यायचं नाही. पेनिसिलिनने पूर्वी अंगावर गांधी, श्वास लागणं असं झालंय का ते आधी विचारा.

आता डॉक्सी. ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण पाडते. बाई दुसऱ्या दिवशी म्हणते, 'छातीत आग होते, गिळताना टोचते', आणि कोर्स बंद. रात्री झोपताना घोटभर पाण्यासोबत घेतलेली गोळी हेच करते. जेवण झाल्यावर, बसून, पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत, आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रात्रीची गोळी झोपायच्या वेळेला न देता संध्याकाळच्या जेवणाला जोडा. उपवासाच्या दिवसांत हे आधीच विचारून घ्या: हरतालिकेचा निर्जळी उपवास मधे येत असेल तर त्या दिवशी डॉक्सी कोरड्या घशाने घेतली जाते किंवा घेतलीच जात नाही.

आशाताईंनी दिलेली लोहाची लाल गोळी, कॅल्शियम, ॲसिडिटीचं गुलाबी औषध: हे सगळं डॉक्सीला आतड्यात बांधून टाकतं. आपल्याकडे हिमोग्लोबिन ९ असलेल्या बाईच्या पिशवीत लोहाची पट्टी असतेच, आणि ती सगळ्या गोळ्या एकाच घोटात घेते. लोह हे १४ दिवस डॉक्टरांना विचारून थांबवता आलं तर सगळ्यात सोपं. नाहीतर दुपारी लोह, सकाळ-संध्याकाळ डॉक्सी, मधे किमान दोन-तीन तास.

उन्हाचंही आहे. डॉक्सीवर असताना त्वचा लवकर भाजते. मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना शेतात किंवा बांधकामावर जाणाऱ्या बाईला पूर्ण बाह्या, डोक्यावर-मानेवर दुपट्टा हे सांगावंच लागतं. नाहीतर चेहरा लाल होऊन सोलतो आणि दोष सगळ्याच गोळ्यांवर जातो.

मेट्रोमुळे तोंडात धातूसारखी कडवट चव, मळमळ, लघवी गडद. हे आधी सांगितलं की बाई सहन करते, नाही सांगितलं की घाबरते. जेवणासोबत द्या. तरीही अजिबातच झेपत नसेल तर तीनही औषधं एकत्र सोडायची गरज नाही. सौम्य-मध्यम आजारात मेट्रो बंद करून डॉक्सी पूर्ण करायला ब्रिटिश मार्गदर्शिका परवानगी देते. हा दुसरा पर्याय आहे, पहिला नव्हे: २०२१ साली आलेल्या चाचणीत मेट्रो घेतलेल्यांमध्ये महिन्याने ओटीपोटाचं दुखणं कमी होतं आणि गर्भाशयातले हवेविना वाढणारे जंतूही कमी होते. हे डॉक्टरांनी ठरवायचं, पण बाईला एवढं नक्की सांगून ठेवा की 'गोळी झेपली नाही तर फेकू नको, मला फोन कर'.

गर्भवतीला डॉक्सी नाही. अंगावर पाजणारीला एवढ्या थोड्या दिवसांसाठी सहसा चालते, तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि जुलाबासाठी मिळते ती ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी पांढऱ्या जाण्यावर कृपया कोणी देऊ नका. पाच दिवस घेतात, वास कमी होतो, बरं वाटतं. ऑफ्लॉक्सासिनला गोनोरियाचा जंतू आता फारशी दाद देत नाही, क्लॅमिडियाला पाच दिवस पुरत नाहीत. दुखणं दबून राहतं.

---

उपकेंद्र_सीएचओ (नागपूर ग्रामीण)

लोहाच्या गोळीचं लक्षातच आलं नव्हतं, बहुतेकींना ती सुरूच असते. कॉपर टी आणि नवरा राहिले. आणखी एक विचारते: बाईला 'हा आजार संबंधातून येतो' असं सांगितलं की घरी भांडण पेटतं, आणि मग ती परत येतच नाही.

---

स्त्रीरोग_ओपीडी

कॉपर टीचं थोडक्यात. बसवल्यापासून पहिले तीन आठवडे धोका थोडा वाढलेला असतो, कारण बसवताना खालचे जंतू वर जाऊ शकतात. त्यानंतरच्या पीआयडीचा दोष कॉपर टीला देण्यात अर्थ नाही. ती तशीच ठेवून औषध सुरू करा. ४८ ते ७२ तासांत फरक नसेल तर काढण्याचा विचार. आपल्याकडच्या जुन्या सूचनांत २४ ते ४८ तास अँटिबायोटिक देऊन मग काढायला सांगितलेलं आहे, त्यामुळे डॉक्टरा-डॉक्टरांत फरक दिसेल. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: औषध सुरू न करता पहिल्याच मिनिटाला ओढून काढायची नाही. काढली तर त्याच दिवशी पुढचं गर्भनिरोधन ठरवून द्या. गेल्या पाच-सात दिवसांत संबंध आलेला असेल तर काढल्यानंतर गर्भ राहू शकतो, हेही तिला सांगा.

---

समुपदेशन_खिडकी

ताई, नवऱ्याचा प्रश्न औषधाचा कमी आणि वाक्याचा जास्त आहे.

खरं काय ते आधी. पीआयडी दरवेळी लैंगिक संसर्गानेच होतो असं नाही. निम्म्याहून जास्त जणींत गोनोरिया किंवा क्लॅमिडिया तपासणीत सापडत नाही. योनीतल्या नेहमीच्या जंतूंचा तोल बिघडूनही संसर्ग वर सरकतो, आणि प्रसूती, गर्भपात, कॉपर टी यानंतरही होतो. क्लॅमिडिया असला तरी पुरुषाला बहुधा काही जाणवत नाही आणि तो महिनोन् महिने शरीरात राहू शकतो. त्यामुळे आज सापडला म्हणजे कालच कोणी बाहेर गेलं, असा हिशेब लागत नाही. बाईला धीर द्यायला म्हणून 'हा आजार संबंधातून येतच नाही' असंही सांगू नका. मग नवरा औषध का घेईल?

चालतं ते असं वाक्य: 'जंतू दोघांमध्ये फिरतो. त्रास तुम्हाला दिसतो, त्यांना दिसत नाही. एकाने औषध घेतलं तर महिन्याभरात परत येतो.' कोणी कोणाला दिला, या चर्चेत शिरायचं नाही. नवरा समोर बसलेला असेल तर त्याच्या बाजूने सुरुवात करा: पुढे मूल हवं असेल तर, बायकोचं रोजचं दुखणं थांबवायचं असेल तर. मार खाण्याची भीती वाटते असं बाई म्हणाली, तर नवऱ्याला बोलावण्याची घाई करू नका. आधी तिची सुरक्षितता, मग चिठ्ठी.

गेल्या दोन महिन्यांत ज्याच्याशी संबंध आलाय त्याला औषध. सिंड्रोमिक पद्धतीत त्याला करड्या रंगाचं किट १ आहे: सेफिक्झिम ४०० मिग्रॅ आणि अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, दोन्ही एकदाच, शक्यतो समोर. एकाच वेळची गोळी आहे हे कळलं की निम्मा विरोध मावळतो. चौदा दिवस त्यालाही घ्यायचेत, अशी त्याची समजूत असते. ॲलर्जी विचारल्याशिवाय बायकोच्या हाती किट देऊन मोकळं होणं बरोबर नाही. तो उपकेंद्रावर यायला लाजत असेल तर सुरक्षा क्लिनिकची (लैंगिक आजारांचे सरकारी दवाखाने) चिठ्ठी द्या, मोठ्या सरकारी रुग्णालयांत ती असतात. गावाबाहेर, ओळखीचं कोणी नाही, म्हणून पुरुष तिथे जातात. १०९७ हा एचआयव्ही-एड्स हेल्पलाइनचा मोफत क्रमांकही द्या, फोनवर माहिती मिळते, नाव सांगावं लागत नाही.

तिचा कोर्स पूर्ण, त्याचं औषध झालेलं, आणि तिचं दुखणं थांबलेलं, तोवर संबंध नको. 'नको' म्हणणं घरी शक्य नसेल तर कंडोम द्या, मोजून नाही, मूठभर. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात, मोफत होते. एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे, हे बाईला त्याच बैठकीत सांगा. गोनोरिया किंवा क्लॅमिडिया निघाला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, कारण परत लागण होणं फार वेळा दिसतं.

आतून धुण्याची सवय विचारा. वास येतो म्हणून डेटॉलचं पाणी, तुरटीचं पाणी आत घेतात. त्याने चांगले जंतू मरतात आणि वास आणखी वाढतो. बाहेरून साध्या पाण्याने धुतलं की पुरे.

---

स्लाइड_आणि_स्वॅब

तपासण्यांचं थोडं. योनीतल्या स्रावाचं साधं कल्चर 'नो ग्रोथ' आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. क्लॅमिडिया साध्या प्लेटवर वाढतच नाही, तो जिवंत पेशीच्या आत राहतो. गोनोकोकस, म्हणजे गोनोरियाचा जंतू, वाढतो, पण फार नाजूक. कापसाची सुकी काडी तालुक्याहून एसटीने शहरात येईपर्यंत तो मेलेला असतो. या दोघांसाठी न्यूक्लिक ॲसिडची, पीसीआरसारखी चाचणी लागते, आणि बाईत लघवीपेक्षा योनीतला स्वॅब चांगला. नमुना शक्यतो अँटिबायोटिकच्या आधी घ्या. मात्र चाचणीची सोय नाही म्हणून औषध थांबवायचं नाही.

आता जे फार वेळा चुकतं ते. विदर्भात पीआयडीच्या नावाखाली जननेंद्रियाचा टीबी लपलेला असतो. चौदा दिवसांचा कोर्स नीट झाला, नवऱ्याचाही झाला, तरी ओटीपोट दुखतंच, पाळी कमी कमी होत गेली, मूल राहत नाही, घरात कोणाला टीबी होता: अशा बाईला दुसरं, तिसरं पिवळं किट देऊ नका. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा पाळी यायच्या थोडं आधी घ्यावा लागतो, कारण तेव्हा अस्तर जाड असतं. तो तुकडा दोन डब्यांत जायला हवा. एक फॉर्मॅलिनमध्ये, हिस्टोपॅथॉलॉजीसाठी (सूक्ष्मदर्शकाखाली बघायला). दुसरा निर्जंतुक डब्यात साध्या सलाइनमध्ये, सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) आणि कल्चरसाठी. सगळाच तुकडा सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकला की जंतू मरतो, कल्चर होत नाही, आणि बाईला पुन्हा तीच प्रक्रिया सोसावी लागते. ओपीडीच्या ट्रेमध्ये फॉर्मॅलिनचा डबा आधीच भरून ठेवलेला असतो म्हणून ही चूक होते. सलाइनचा डबाही शेजारी, लेबल लावून ठेवायला सांगा.

इथे जंतूंची संख्या फार कमी असते, म्हणून सीबीनॅट निगेटिव्ह आलं तरी टीबी नाही असं ठरत नाही. डॉक्टर सगळं एकत्र धरून ठरवतात. टीबी ठरला तर सहा महिन्यांची औषधं सरकारी कार्यक्रमातून मोफत.

---

उपकेंद्र_सीएचओ (नागपूर ग्रामीण)

सलाइनच्या डब्याचं लिहून ठेवते. 'पिशवीच्या तोंडाची जखम' आणि पिशवी काढणं, यावर मॅडम काही सांगाल? आणि पाठवताना चिठ्ठीत काय लिहू? वरच्या दवाखान्यात आपली चिठ्ठी कोणी वाचत नाही, अशी तक्रार आहे.

---

स्त्रीरोग_ओपीडी

'जखम' म्हणून जे दाखवतात ते पुष्कळदा जखम नसतंच. गर्भाशयाच्या आतलं लालसर अस्तर तोंडावर बाहेर आलेलं असतं. तरुण वयात, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या घेताना हे सर्रास दिसतं. त्रास नसेल तर शेकायची गरज नाही. संसर्ग असताना शेकलं तर तो वर ढकलला जाण्याची भीती. आधी संसर्ग बघा. तीस वर्षांच्या वरच्या बाईला व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी तुमच्याकडेच करा. डाग पांढरा उमटला तर पुढे पाठवा.

पिशवी काढणं हा पांढऱ्या जाण्याचा उपचार नाही. सौम्य-मध्यम पीआयडीचाही नाही. फुटलेलं गळू, काहीही करून आटोक्यात न येणारा आजार, अशा मोजक्या वेळी शस्त्रक्रिया लागते. तिशीत पिशवीसोबत अंडाशयंही गेली तर पाळी जाण्याची सगळी लक्षणं एकदम येतात आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. वर ज्या दुखण्यासाठी काढली ते चिकटलेल्या आतड्यांमुळे राहूही शकतं. २०१९ साली बीडच्या ऊसतोड कामगार बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण इतकं गाजलं की सरकारला समिती नेमावी लागली. कोणी असा सल्ला दिला असेल तर सही करण्याआधी नागपूरच्या डागा, मेयो, मेडिकल किंवा एम्स या सरकारी रुग्णालयांत, कुठल्याही एका ठिकाणी दुसरं मत घ्यायला सांगा.

कोर्स पूर्ण, टीबी नाही, जंतू नाहीत, तरी महिनोन् महिने दुखतंय, असंही होतं. आतल्या चिकटण्यांमुळे, एंडोमेट्रिओसिसमुळे (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं) किंवा ओटीपोटाच्या स्नायूंमुळे. त्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही. दर महिन्याला किट देत राहिलं तर नुसतं पोट खराब होतं.

चिठ्ठीचं. 'पोटदुखी, पुढील उपचारासाठी' अशी चिठ्ठी खरंच कोणी वाचत नाही. पाच-सहा ओळी लिहा, याच क्रमाने:

'यूपीटी निगेटिव्ह, आजची तारीख. शेवटची पाळी अमुक. ताप, नाडी, बीपी इतकं. गर्भाशयाचं तोंड हलवल्यावर दुखतं, उजवीकडे जास्त. गोळा लागतो किंवा लागत नाही. पिवळं किट अमुक तारखेला सुरू, इतके डोस झाले, ७२ तासांत फरक नाही. कॉपर टी आहे, अमुक महिन्यात बसवली. नवऱ्याला किट १ दिलं किंवा दिलेलं नाही. ॲलर्जी माहीत नाही.'

झालेले डोस आणि सुरू केल्याची तारीख या दोन गोष्टी वरच्या डॉक्टरला सगळ्यात जास्त हव्या असतात, कारण शिरेतून काय सुरू करायचं नि चौदा दिवस कुठून मोजायचे हे त्यावर ठरतं. उरलेल्या गोळ्यांची पट्टी बाईसोबतच पाठवा. भरती होऊन सुट्टी झाली तरी डॉक्सी-मेट्रो घरी पूर्ण करावी लागते, आणि त्या राहिलेल्या दिवसांचा पाठपुरावा तुमच्याच रजिस्टरमध्ये येणार आहे.